गंज चुलीवरचा, गंज विहिरीतला

आमच्याकडे गंज चुलीवर चढवतात. त्यात वरण शिजतं, कढी उकळते, घरात कार्य असलं की वांग्याची भाजी होते. पुण्याला धातुशास्त्र शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मी सहज म्हणालो, ‘आमची माय गंजात कढी करते,’ आणि समोरची मुलं घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या मराठीत गंज फक्त लोखंडाला लागतो. आमच्या मराठीत गंज म्हणजे पातेलं, आणि लोखंडाला लागतो तोही गंजच. कुणी त्याला जंग म्हणतं, शेतातली माणसं ‘लोखंड सडलं’ म्हणतात. पुढे चौतीस वर्षं मी या दुसऱ्या गंजाचा मास्तर म्हणून नोकरी केली. पण त्याची ओळख मला झाली ती चुलीवरच्या गंजातच.

तो गंज पितळेचा होता, आजीच्या लग्नातला. बाहेरून चिंच आणि राखेने घासून पिवळा लख्ख, आतून पांढरा. आतलं पांढरं पुसट होऊन तळाशी पिवळं दिसायला लागलं की माय त्यात आंबट काही करत नसे. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा घरी अचानक पाहुणे आले आणि घाईत फुणक्यांबरोबरची कढी त्याच गंजात झाली. उरलेली कढी रात्रभर तशीच राहिली. सकाळी काठाला हिरवट रेघ उमटली होती. मायने बोट बुडवून जिभेला लावलं, अंगणात जाऊन थुंकली आणि म्हणाली, ‘कळकली.’ सगळी कढी उकिरड्यावर गेली. पुढे या विषयावरची इंग्रजी पुस्तकं मी ढिगाने वाचली. आंबट पदार्थाने भांड्याचं तांबं सुटतं, ते अन्नात उतरतं आणि अन्न विषारी होतं, एवढी सगळी घटना एका क्रियापदात मावलेली मला त्यांत कुठे सापडली नाही. मायकडे ते क्रियापद होतं.

दिवाळीच्या आधी कल्हईवाला यायचा. ओट्यासमोर हातभर खड्डा करून भाता बसवायचा, कोळसे फुलवायचा आणि गंज चिमट्यात धरून निखाऱ्यावर गोल गोल फिरवायचा. भांडं पुरतं तापलं की नवसागराची चिमूट टाकायची. नाकात झोंबणारा पांढरा धूर उठायचा. त्या धुरातच कथलाची कांडी तळाला टेकवायची. ती लोण्यासारखी पाघळायची आणि कापसाच्या बोळ्याने तो ती एका दमात काठापर्यंत फिरवायचा. काळा पडलेला तळ आमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखा व्हायचा. मग भांडं पाण्यात, चुर्र. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, आम्ल धातूवरचा ऑक्साइड खाऊन टाकतं, आणि अशा स्वच्छ उघड्या धातूलाच कथील धरतं. कथील २३२ अंशांना वितळतं. हे मला कळायला पुढची पंधरा वर्षं लागली. कल्हईवाल्याला ते बोळ्याखालच्या बोटांना कळत होतं. नवसागर कधी टाकायचा हे तो भांड्याच्या बदलत्या रंगावरून ठरवायचा. जरा लवकर टाकला तर कथील धरत नाही आणि उशीर झाला तर तळ जळतो, हे तो मला न विचारताच सांगायचा. मी भात्याजवळून हलत नसे म्हणून असेल.

माझे वडील, अप्पा, भुसावळच्या लोको शेडमध्ये बॉयलरमेकर होते. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन मी शेडमध्ये जायचो. वॉशआउटचा दिवस असला तर गार पडलेल्या इंजिनाचे प्लग काढून जोराच्या धारेने बॉयलरमधला गाळ धुणं चाललेलं असे, आणि रुळांमधून राखाडी पाणी वाहत असे. अप्पा फायरबॉक्सच्या आत असायचे. भट्टीच्या त्या भोकातून वाकून आत शिरायचं, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात लहानशी हातोडी. आतली पेटी आणि बाहेरचं कवच यांना एकत्र धरून ठेवणारे शेकडो स्टे असतात, बोटाएवढे जाड लोखंडी दांडे, दोन्ही बाजूंच्या पत्र्यांत घट्ट बसवलेले. मध्ये पाणी खेळतं. अप्पा एकेक स्टे वाजवत जायचे. टण्, टण्, टण्. बाहेर उभं राहून मला तो आवाज ऐकू यायचा. मध्येच एखादा ‘ठप्’ यायचा. मग आवाज थांबायचा. अप्पा त्यावर खडूने फुली मारत असणार. परत टण्, टण्.

स्टे मोडतो तो बहुतेक बाहेरच्या पत्र्यालगत, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. आतली पेटी तापून फुगते, गार होऊन आवळते, तिच्याबरोबर स्टे दरवेळी किंचित वाकतो. वाकतो तिथलं संरक्षक आवरण फुटतं, पाणी तिथेच खातं आणि एक बारीक चीर आत सरकत जाते. पुस्तकात याला कोरोजन फटीग म्हणतात. मी ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातलं गणित कळायच्या आधी तो ‘ठप्’ ऐकू आला. वर्गात ते शिकवताना मी दरवर्षी मुलांना हातोडी आणि दोन दांडे द्यायचो, एक धड आणि एक करवतीने अर्धा कापून परत रंगवलेला, आणि डोळे मिटून ओळखायला सांगायचो.

त्याच वर्गात मी सिल्व्हर ब्रिजची गोष्ट सांगायचो. १५ डिसेंबर १९६७. अमेरिकेतला ओहायो नदीवरचा पूल, संध्याकाळची गर्दीची वेळ, पूल मिनिटभरात नदीत गेला आणि ४६ माणसं मेली. पूल लोखंडी पट्ट्यांच्या साखळ्यांवर टांगलेला होता. त्यातल्या एका पट्टीच्या डोळ्यात, जिथे ती खिळीवर अडकवलेली असते तिथे, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर होती. ताण आणि गंज यांनी मिळून ती केली होती. सांधा सुटा केल्याशिवाय ती कुणाला दिसलीच नसती. त्या डिसेंबरात अप्पा भुसावळला रोजच्यासारखे स्टे वाजवत होते. त्यांच्या हाताखालून गेलेला एकही बॉयलर फुटला नाही, आणि म्हणूनच त्यांचं नाव कुठल्या कागदावर आलं नाही. मला याचं अजून वाईट वाटतं.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि खान्देशातही कॉलेजं निघाली. १९८४ मध्ये मी त्यांतल्या एकात लागलो. इमारत अर्धी झाली होती, प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आणि दोन भट्ट्या होत्या. मला गंजावर काम करायचं आहे असं मी सांगितलं तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं, ‘मग कोकणात जा. इथे उन्हात लोखंड टाकलं तर वर्षभर चमकतं.’ त्यात खोटं काही नव्हतं. लोखंडाला गंज चढायला हवेत ओलावा लागतो; सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की गंजाचा वेग एकदम वाढतो, हे इंग्लंडमधल्या व्हर्नन यांनी १९३०च्या दशकातच दाखवलं होतं. जळगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा, हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. बांधावर टाकलेला नांगराचा फाळ मृगापर्यंत होता तसा राहतो. मग पहिला पाऊस पडतो आणि दोन दिवसांत तो लाल होतो.

नंतर क्यूआयपीमधून, म्हणजे सरकारच्या शिक्षकांसाठीच्या योजनेतून, मी पीएचडीला पवईच्या आयआयटीत गेलो. तिथे गंजाच्या शास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम होता. त्या काळात तमिळनाडूत कारैकुडीलाही जाऊन आलो. १९४८ साली स्थापन झालेली तिथली केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था ही आमच्या विषयाची पंढरी. त्या संस्थेने देशभर ठिकठिकाणी धातूच्या पट्ट्या उघड्यावर टांगून भारताचा गंजाचा नकाशा तयार केला आहे. मी त्यात आधी खान्देश शोधला. किनाऱ्याच्या मानाने आतल्या कोरड्या प्रदेशातला गंज कितीतरी कमी. वरिष्ठांचं बोलणं नकाशानेही खरं केलं होतं. पण परतीच्या गाडीत, चाळीसगाव गेल्यावर, खिडकीतून शेतं दिसायला लागली आणि लक्षात आलं की तो नकाशा हवेचा आहे. आमचं लोखंड हवेत कुठे आहे? ते काळ्या मातीत पुरलेलं आहे आणि बोअरमध्ये उभं लटकलेलं आहे.

तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरचा केळीचा पट्टा आहे. केळीला पाणी लागतं, भरपूर आणि रोज. विहिरी आटल्या तशा त्यांच्या तळातून बोअर गेले, मग शेतोशेती ट्यूबवेल आल्या, आणि मोटारी खोल खोल जात राहिल्या. मोटार खाली लटकते ती वीस-वीस फुटी जीआय पाईपांच्या माळेला. पाईपाच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले, दोन पाईपांमध्ये सॉकेट. एक पाईप तुटला की खालची सगळी माळ मोटारीसकट बोअरमध्ये जाते. दोर बांधलेला असला आणि तो टिकला तर ठीक, नाही तर मोटार गेली आणि बोअरही गेला.

शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याने तुटलेलं टोक आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘सर, पानीनी पाईप खाई टाका.’ पाण्याने पाईप खाऊन टाकला. त्याच्या वाक्यात निदान बरोबर होतं. कुठल्या जागी आणि का, एवढंच मला शोधायचं होतं. मी गावोगाव निरोप पाठवला की पाईप तुटला तर भंगारात घालू नका, टोक मला आणून द्या. वर्षभरात टेबलाखाली टोकांचा ढीग झाला. जवळपास सगळे तुकडे सॉकेटच्या तोंडाशीच तुटलेले, आट्यांवर.

भिंगाखाली एकेक टोक धरून बघत बसायचो. जीआय पाईपावर जस्ताचा थर असतो. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं, थराला ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त लोखंडाची राखण करतं. पण आटे पाडताना डाय नेमकं तेच जस्त सोलून काढते. शिवाय तिथे पाईपाची जाडीही कमी होते. आट्यांच्या खोबणीत, सॉकेटच्या आत, पाणी शिरतं पण हलत नाही. आणि मोटार चालू होताना बसणारा हिसका सगळ्यात जास्त तिथेच बसतो. आट्यांच्या तळाशी काळा, ओला, शाईसारखा थर असायचा. हवा लागली की तासाभरात तो लाल व्हायचा. म्हणजे तिथे आत प्राणवायू पोचतच नव्हता.

प्राणवायू पोचत नाही तिथे लोखंड जास्त सडतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांचा यावर एक प्रयोग आहे, एका थेंबाचा. इव्हान्स (१८८९–१९८०) हे आमच्या विषयाचे मूळपुरुष म्हणावेत असे. पॉलिश केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. पाण्यात आधीच फिनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड मिसळून घ्यायचं. लोखंड जिथे विरघळतं तिथे निळा रंग येतो, आणि प्राणवायू जिथे इलेक्ट्रॉन घेऊन अल्कली करतो तिथे गुलाबी. सुरुवातीला थेंबभर निळे-गुलाबी ठिपके विखुरलेले असतात. दहा-पंधरा मिनिटं श्वास रोखून बघत राहायचं. हळूहळू गुलाबी सगळं काठाकडे सरकतं, निळं सगळं मध्यावर गोळा होतं, आणि दोघांच्या सीमेवर तांबूस गंजाचं एक कडं उमटतं. काठाला हवा भरपूर, म्हणून तिथे प्राणवायूचं काम चालतं. त्याला लागणारे इलेक्ट्रॉन पुरवायला मध्यावरचं लोखंड विरघळतं. खातं एकीकडे आणि झिजतं दुसरीकडे. गंज दिसतो ती जागा तर तिसरीच.

चौतीस वर्षांत हा प्रयोग मी निदान शंभरदा केला असेन. पॉवरपॉइंट आलं तेव्हा मला सांगितलं गेलं की याचा व्हिडिओ दाखवला तर वेळ वाचेल. मी दाखवला नाही. चोपडा, पारोळा, साक्री, तळोदा अशा गावांतून आलेली मुलं त्या थेंबावर डोकी टेकवून बसायची, आणि एखादा मुलगा एकदम मान वर करून म्हणायचा, ‘म्हणजे सर, आमच्या टाकीचा पत्रा गाळाखालीच सडतो तो यामुळे?’ हो, यामुळेच. कुंपणाचा खांब जमिनीच्या पातळीखाली सडतो तो यामुळे, वॉशरखालचा बोल्ट झिजतो तो यामुळे, आणि आट्यांच्या खोबणीतला काळा थर यामुळे.

झिजण्याचं मोजमाप फॅरेडेच्या नियमाने होतं, आणि त्याचं गणित मला फार सुंदर वाटतं. एक अँपिअर प्रवाह लोखंडातून वर्षभर पाण्यात निसटत राहिला तर नऊ किलोहून थोडं जास्त लोखंड जातं. कुठल्याही देशात, कुठल्याही नदीकाठी, तेवढंच.

आट्यांवर उपाय साधा होता. नळकाम करणारे आधी नुसता सूत आणि सफेदा लावत. आटे पाडल्यावर लगेच त्यावर जस्ताची पूड भरपूर असलेला रंग लावा, आणि दरवेळी मोटार वर काढाल तेव्हा पाण्याच्या पातळीवर असलेला पाईप माळेत दुसरीकडे घाला, एवढंच मी सांगायचो. खर्च थोडाच यायचा. ज्यांनी केलं त्यांचे पाईप जास्त टिकले. नंतर प्लास्टिकचे कॉलम पाईप आले आणि आमच्या त्या ढिगाचं महत्त्व संपलं. त्याचं मला दुःख नाही, शेतकऱ्याचा बोअर वाचला.

एका चुकीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ती माझी होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी पट्ट्यातल्या केळीवर ठिबक सगळीकडे आलं होतं. केळीला पालाश फार लागतं, आणि स्वस्त पालाश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, अर्थात पोटॅशियम क्लोराइड. त्याच्या वजनात जवळजवळ निम्मं क्लोराइड असतं. ते ठिबकच्या पाण्यातून सोडलं की वाटेतल्या प्रत्येक लोखंडी भागाला खाऱ्या पाण्याची अंघोळ होते. यावल तालुक्यातले एक शेतकरी माझ्याकडे आले. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. त्यांच्या वाळूच्या फिल्टरचा लोखंडी डबा दर दोन वर्षांनी चाळणी होत होता. मी सांगितलं, ‘आबा, एकदाच खर्च करा आणि स्टेनलेसचा करून घ्या.’ आबांनी पदरमोड करून तो करून घेतला. फिल्टर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये वीतभर लांबीचा एक जीआय निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला पाईपचा तुकडा, होता. तो होता तसाच राहिला. त्याच्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

स्टेनलेस आणि जस्त लावलेलं लोखंड एकाच खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले तर लोखंड झिजतं आणि स्टेनलेस सुखात राहतं. आणि स्टेनलेसचं अंग मोठं, लोखंडाचं लहान असेल तर सगळ्या मोठ्या अंगाची भूक त्या लहान तुकड्यावर भागते. मोठा कॅथोड आणि छोटा, झिजणारा ॲनोड. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत होतो. वीज अडवणाऱ्या गॅसकेटची एक जोडणी, प्लास्टिकचा एक तुकडा मध्ये घातला असता तर भागलं असतं.

पुढच्या मे महिन्यात, रात्रीच्या पाळीची वीज आलेली असताना, निपल फुटला. रात्रभराचं पाणी नाल्यात गेलं. सकाळी तात्पुरती जोडणी केली, ती दुसऱ्या रात्री सुटली. दोन दिवस झाडं कोरडी राहिली, वरून उष्ण वारा, आणि घड सटकायला लागले. भरत आलेला घड दांड्यापासून सुटून पडतो त्याला आमच्याकडे सटकणं म्हणतात. केळी पिकवणाऱ्या माणसाला हा शब्द नुसता ऐकवत नाही.

आबा तो निपल उपरण्यात गुंडाळून कॉलेजात घेऊन आले. माझ्या टेबलावर उपरणं सोडलं. निपलची एक बाजू कागदासारखी पातळ होऊन फाटली होती. ते म्हणाले, ‘सर, हे बघा. स्टीलला काही झालं नाही.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते मला एक निरीक्षण सांगत होते, आणि ते अचूक होतं. मी तिथेच कबूल केलं की चूक माझी आहे, मला हे सुचायला हवं होतं. भरपाई द्यायची तयारी दाखवली. त्यांनी हात जोडले. म्हणाले, ‘पैसा नको. तुमच्या त्या पट्ट्या असतात ना, त्या आमच्या विहिरीत टांगा. आमचं पाणी काय खातं अन् किती खातं, मला बघायचंय.’

त्या पट्ट्यांना आम्ही कूपन म्हणतो. तीन इंच लांब, एक इंच रुंद, साध्या पोलादाची पट्टी. घासून, धुऊन, वाळवून, दशांश चिन्हापुढे चार आकड्यांपर्यंत वजन करायची आणि भोकात नायलॉनची दोरी ओवून पाण्यात सोडायची. ठरलेल्या दिवसांनी वर काढायची, लोखंड न खाता फक्त गंज सोडवणाऱ्या आम्लात धुवायची, परत वजन. जे कमी भरलं ते पाण्याने खाल्लं. आबांच्या विहिरीत मी चार कूपन टांगले. वर्षातून दोनदा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला आणि दिवाळीला, मी ते बघायला जायचो.

या जाण्यायेण्यातून मी जितका शिकलो तितका पवईत शिकलो का, मला शंका आहे. एका आखाजीला आबांनी गोठ्यातून फवारणीच्या पंपाची पितळी नळी आणून दाखवली. कुणी आपटलेली नाही, वाकवलेली नाही, आणि लांबीभर चीर. ती खुंटीला टांगलेली असायची, खाली युरियाच्या गोण्या, बाजूला जनावरं. मी त्यांना इंग्रजांच्या फौजेची गोष्ट सांगितली. हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ऋतू बघून तडकतात म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस घडवताना पितळात राहून गेलेला ताण, या दोघांचं ते काम होतं, हे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी मांडलं. आबा म्हणाले, ‘म्हणजे वरणगावच्या फॅक्टरीवाल्यांना हे ठाऊक असणार.’ असणारच, वरणगावला काडतुसंच होतात. घडवल्यावर पितळ बेताने तापवून त्यातला ताण सोडवतात. आबांनी नळ्या गोठ्यातून घरात हलवल्या.

आबांना दिल्लीच्या लोहस्तंभाचंही फार कौतुक. सुमारे सोळाशे वर्षं उघड्यावर उभं लोखंड का सडत नाही, हे त्यांनी मला किमान तीनदा विचारलं. कानपूरच्या आयआयटीतल्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या लोखंडात फॉस्फरस बराच आहे; जुने लोहार भट्टीत चुनखडी घालत नसत म्हणून तो धातूत राहिला, आणि त्याच्या मदतीने पृष्ठभागावर एक अतिशय बारीक, घट्ट थर जमत गेला, असं त्यांनी दाखवलं. २००९ मध्ये वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. बातमी वाचली त्या दिवशी मी तास घेऊ शकलो नाही. मुलांना फक्त त्यांच्या कामाबद्दल सांगत बसलो. पुढच्या सुट्टीत शिरपूर-सेंधव्याच्या रस्त्याने धारला जाऊन आलो. तिथला लोहस्तंभ तीन तुकड्यांत मोडून पडलेला आहे. मी त्यावर तळहात ठेवला. उन्हाने तापलेला होता, आणि काळपट तांबूस रंगाखाली घट्ट, गुळगुळीत.

२०१६ मध्ये नेस या गंजतज्ज्ञांच्या संस्थेचा अहवाल आला: गंजामुळे जगाचं वर्षाला अडीच लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं, जगाच्या उत्पन्नाच्या ३.४ टक्के. तो आकडा मी माझ्या प्रत्येक भाषणात वापरला आणि दरवेळी मला उपरण्यातला निपलच दिसला.

२०१८ ला मी निवृत्त झालो. प्रयोगशाळेतला तराजू कॉलेजचा, तो तिथेच राहिला. मी एक लहान तराजू विकत घेतला आणि आखाजी-दिवाळीचं जाणं चालू ठेवलं. आबा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. आता त्यांचा मुलगा शेत बघतो. तो मला काका म्हणतो आणि विहिरीवर न्यायच्या आधी घरात बसवून खापरावरची पुरणपोळी आणि आमरस खाऊ घालतो.

आमच्या वहीत वजनाच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आहे, दोरीच्या लांबीचा. तो मी पहिल्या वर्षी उगाच आखला होता. विहिरीचं पाणी खाली जाईल तसतशी दोरी वाढवावी लागायची. जुन्या दोरीला नवी गाठवून खाली सोडायची. वीस-बावीस वर्षांत इतक्या गाठी झाल्या की वर ओढताना त्या काठाच्या दगडावर एकेक अडकत येतात आणि मुलगा त्या बोटाने सोडवून देतो.

या आखाजीला आम्ही दोघं विहिरीवर गेलो. मी दोरी धरली आणि हाताला वजन वेगळं लागलं. पाण्यातून निघताना कूपन जरा ओढ देतो, ती ओढ आली नाही. मुलाने मोबाइलची बॅटरी लावून खाली बघितलं. तळाशी बोअरचं तोंड दिसत होतं, भोवती भेगाळलेला गाळ. चारही पट्ट्या कोरड्या वर आल्या. त्यांच्यावरचा गंज जुना होता, दिवाळीनंतर पाणी होतं तेवढ्या दिवसांचा, आणि बोट फिरवलं तर भुकटी होऊन सुटत होता.

‘काका, दोरी वाढवायची?’ मुलाने विचारलं.

विहिरीत वाढवायला जागा नव्हती. मी वही काढली, तारीख लिहिली, दोरीची लांबी लिहिली आणि पट्ट्या रुमालात बांधून घेतल्या.